अरुंधतीची काच

लग्नात नवरा-नवरीला अरुंधती दाखवायची आपल्याकडे पद्धत आहे. खरं तर होती. आता लग्नं हॉलमध्ये आणि भर दुपारी लागतात. गुरुजी जोडप्याला खिडकीपाशी नेतात, कधी तेवढेही कष्ट न घेता पंख्याच्या दिशेने बोट करतात, आणि दोघंही ‘दिसली’ म्हणून मान हलवतात. फोटोग्राफर तो क्षण टिपतो. त्या फोटोत सगळे असतात, अरुंधती तेवढी नसते.

अरुंधतीचा खरा फोटो निघाला तो २७ एप्रिल १८५७ रोजी, अमेरिकेतल्या केंब्रिज गावी, हार्वर्ड कॉलेजच्या वेधशाळेत. इकडे मेरठच्या छावणीत भडका उडायला १३ दिवस बाकी होते. जॉर्ज बाँड या खगोलशास्त्रज्ञाने १५ इंची दुर्बीण सप्तर्षींच्या शेपटातल्या मधल्या ताऱ्यावर, म्हणजे वसिष्ठावर, रोखली होती. दुर्बिणीच्या टोकाला डोळ्याऐवजी रसायन माखलेली काच होती. तिच्यावर वसिष्ठ उमटला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा त्याचा चिकटून असलेला जोडीदार उमटला, आणि थोडं अंतर राखून अरुंधतीही उमटली. जोडताऱ्याचं जगातलं हे पहिलं छायाचित्र. बाँडने त्या काचेवरची अंतरं मोजली आणि त्याच्या लक्षात आलं, की रात्री कुडकुडत दुर्बिणीला डोळा लावून घेतलेली मापं जितकी नेमकी असतात, तितकीच ही दिवसाउजेडी टेबलावर बसून घेतलेली मापंही आहेत. शिवाय तारा जितका तेजस्वी तितका काचेवरचा ठिपका मोठा. म्हणजे तेजही मोजता येणार.

हा मागोवा त्या काचेचा आहे. चांदीच्या क्षारांचा थर दिलेली, छायाचित्रकार जिला नुसतं ‘प्लेट’ म्हणतात ती काच. सव्वाशे वर्षं माणसाला आकाशाबद्दल जे काही नवं कळलं, त्यातलं बहुतेक या काचेवरून कळलं. आणि तिच्या गोष्टीत महाराष्ट्राचाही एक खराखुरा तुकडा आहे. आपण तो विसरलो आहोत आणि त्याच्या जागी भलताच एक तुकडा बसवला आहे. पण ते पुढे.

काचेच्या आधी तांब्याचा पत्रा होता. पॅरिसच्या डागेरने काढलेली युक्ती अशी : तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्यावर आयोडीनची वाफ, मग कॅमेऱ्यात प्रकाश, आणि शेवटी पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं. १८३९ मध्ये ही युक्ती जगापुढे मांडली ती फ्रान्स्वा आरागो याने. तो होता खगोलशास्त्रज्ञ, त्यामुळे त्याचं पहिलं लक्ष चंद्राकडे गेलं यात नवल नाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जॉन ड्रेपरने चंद्र पत्र्यावर उतरवला. ताऱ्याला आणखी १० वर्षं लागली. जुलै १८५० मध्ये हार्वर्डलाच, जॉर्जचे वडील विल्यम बाँड आणि बोस्टनचा व्यावसायिक फोटोग्राफर जॉन व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचा फोटो काढला. पत्रा १०० सेकंद उघडा ठेवावा लागला. पत्र्यावर पडलेला प्रकाश अभिजितहून २५ वर्षांपूर्वी निघालेला होता. तो निघाला तेव्हा डागेरची युक्ती अजून जन्मायची होती. अभिजित उमटला खरा, पण दुसऱ्या प्रतीच्या ताऱ्यांचा पत्र्यावर मागमूस राहत नसे. ध्रुव त्यातलाच. आपल्याकडे ज्याच्या अढळपणाच्या गोष्टी सांगतात, त्याला पत्र्यावर जागा मिळाली नाही.

मग १८५१ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक आर्चरने कलोडियनची पद्धत आणली आणि पत्र्याच्या जागी काच आली. अरुंधतीची काच या जातीची. पत्र्यापेक्षा ती कितीतरी तिखट होती, पण तिची एक खोड होती. तिला ओलं असतानाच वापरावं लागे. रसायन माखायचं, धावत दुर्बिणीपाशी न्यायचं, फोटो घ्यायचा, धावत परत अंधाऱ्या खोलीत आणून धुवायचा. दहा-पंधरा मिनिटांत काच वाळली की सगळं मुसळ केरात. सूर्य, चंद्र, ठळक तारे एवढ्यावरच तिची धाव संपायची.

इथे डोळ्यातला आणि काचेतला फरक सांगायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. डोळा हातावर पोट असलेल्या माणसासारखा आहे. सेकंदाच्या छोट्या अंशात जेवढा प्रकाश आला तेवढा त्याने खर्चून टाकलेला असतो. पुढच्या क्षणी पुन्हा शून्यापासून. तुम्ही तासभर टक लावून बसलात तरी अंधूक तारा पहिल्या मिनिटाला नसेल दिसला तर तासानेही दिसत नाही. काच मात्र पिग्मी खात्यासारखी. रोज दोन रुपये का होईना, जमा होत राहतात. फक्त खातं बराच वेळ उघडं ठेवता आलं पाहिजे, आणि ओल्या काचेला नेमकं तेच जमत नव्हतं.

ते जमवलं एका इंग्रज डॉक्टरने. रिचर्ड मॅडॉक्सने १८७१ मध्ये कलोडियनऐवजी जिलेटिन वापरून कोरडी काच केली. दशक सरता सरता अशा काचा दुकानात तयार मिळू लागल्या. ३० सप्टेंबर १८८० च्या रात्री हेन्री ड्रेपरने (चंद्रवाल्या ड्रेपरचा हा मुलगा) ५१ मिनिटं काच उघडी ठेवली आणि मृग नक्षत्रातला तेजोमेघ तिच्यावर आला. तीन वर्षांनी लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्र्यू कॉमन या हौशी निरीक्षकाने त्याच तेजोमेघाचा फोटो घेतला, आणि त्यात असे तारे सापडले जे त्याच दुर्बिणीतून डोळ्यांना दिसत नव्हते. माझ्या मते खगोलशास्त्राच्या इतिहासातला खरा वळणाचा दगड हा. तोवर फोटो म्हणजे डोळ्याने पाहिलेल्याची नक्कल होती. आता फोटो पुढे आणि डोळा मागे. दोन वर्षांनी पॅरिसच्या आँरी बंधूंना कृत्तिकांच्या पुंजक्यातल्या एका ताऱ्याभोवती तेजोमेघाची वलयं काचेवर दिसली. हजारो वर्षं लोक कृत्तिका बघत आले होते, पण ते धुकट वलय कोणाच्या डोळ्यांत भरलं नव्हतं.

याची किंमत निरीक्षकाच्या मानेला मोजावी लागे. दुर्बीण घड्याळाच्या यंत्राने आकाशाबरोबर फिरे, पण ते यंत्र थोडंफार चुकणारच. म्हणून मोठ्या दुर्बिणीला जोडलेल्या लहान दुर्बिणीत एक तारा पकडून, तो आडव्या-उभ्या तारांच्या फुलीवरून हलू न देता, हातातला स्क्रू किंचित किंचित फिरवत तासनतास बसायचं. डोळा आकाशाकडे, पण पाहण्यासाठी नाही, राखण करण्यासाठी. मळ्यात जागलीला बसलेल्या माणसाची आणि याची जात एकच.

आता पुण्यात येऊ.

कावसजी दादाभाई नायगमवाला हे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे पारशी गृहस्थ. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपये दिले, मुंबई सरकारने तितकीच भर घातली, आणि त्यातून नायगमवालांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात वेधशाळा उभी केली. ते कॉलेज म्हणजे पुढचं सीओईपी. वेधशाळेला नाव अर्थातच महाराजांचं : महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. तिथे डब्लिनच्या ग्रब कारखान्याची परावर्ती दुर्बीण आली, जी पुढे २० इंची म्हणून ओळखली गेली. त्या वेळी देशात तेवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. नायगमवालांचा ओढा वर्णपटाकडे. ताऱ्याचा किंवा तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून फोडून त्याच्या रेषा तपासायच्या. १८९१ मध्ये त्यांनी मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातली प्रमुख रेषा तपासून आपलं म्हणणं लंडनला छापून आणलं. ते नॉर्मन लॉकियर या बड्या असामीच्या मताविरुद्ध जाणारं होतं. हे लॉकियर पुढे पुन्हा भेटतील.

तारखा बघा. १८९१ मध्ये पुण्यातला एक माणूस दुर्बिणीतून मृग नक्षत्र न्याहाळतो आहे. १८९३ मध्ये त्याच पुण्यात टिळकांचं ‘ओरायन’ प्रसिद्ध होतं. वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या वैदिक खुणांवरून वेदांचा काळ इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपास नेणारं हे पुस्तक. आणि १८९६ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा डोंगराएवढा ग्रंथ. याच दीक्षितांनी त्याआधी सामान्य वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहून लोकांना रात्री अंगणात यायला लावलं होतं. एका गावात, पाच-सहा वर्षांच्या आत, आकाशाकडे बघण्याच्या तीन तऱ्हा : पोथीतून, उघड्या डोळ्यांनी, काचेच्या भिंगातून. पहिल्या दोन तऱ्हांचं मराठीने मनापासून स्वागत केलं. तिसरीची आठवण सीओईपीच्या भिंतींबाहेर फारशी गेली नाही. नायगमवाला इंग्रजीत लिहीत, एकटे काम करत, आणि त्यांच्यामागे शिष्य उभे राहिले नाहीत. तशीच ग्रबची २० इंची दुर्बीण लिव्हरपूलजवळ आयझॅक रॉबर्ट्सकडे होती. पेशाने बांधकामाचे ठेके घेणारा हा माणूस. त्याने डिसेंबर १८८८ मध्ये काही तास काच उघडी ठेवून देवयानीतल्या तेजोमेघाचा असा फोटो घेतला, की त्याचे सर्पिल फाटे जगाने प्रथमच पाहिले. माणूस, चिकाटी आणि ढगांमधल्या उघडिपी सारख्याच लागतात, पण जोडीला हातात हात देणारी माणसंही लागतात. ती पुण्यात नव्हती.

तरी एक दिवस असा आला की साऱ्या जगाच्या काचा महाराष्ट्रात जमल्या. २२ जानेवारी १८९८, शनिवार. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावर चढून देशावरून वऱ्हाडाकडे आणि पुढे बक्सरकडे जाणार होता. पुण्यात प्लेगचे दिवस. प्लेग अधिकारी रँडचा खून होऊन सात महिने झालेले. अशा वेळी सोलापूरच्या रेल्वेवर, करमाळ्याजवळच्या जेऊर नावाच्या आडगावी तंबू पडले. नायगमवाला पुण्याहून आले. जपानहून एक तुकडी आली. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून विल्यम कॅम्पबेल आले, आणि त्यांनी बरोबर आणला ४० फूट लांबीचा कॅमेरा.

४० फूट म्हणजे तीन मजली घर आडवं पाडावं इतका. पुढचं भिंग फक्त ५ इंचांचं, पण केंद्रांतर लांबलचक, म्हणून सूर्याची प्रतिमा मोठी. एवढं धूड सूर्यामागे फिरवणं अशक्य. मग उपाय असा, की नळी ग्रहणाच्या वेळी सूर्य जिथे असणार त्या दिशेला पक्की रोवायची आणि फिरवायची ती काच. तळाशी रुळांवर ठेवून, घड्याळाच्या यंत्राने, प्रतिमेच्या चालीने सरकवायची. सगळी मांडामांड दोन मिनिटांसाठी. जेऊरला खग्रास अवस्था सुमारे तेवढीच होती. त्या दोन मिनिटांत सूर्याचा किरीट, म्हणजे करोना, डोळ्यांनी पाहत बसणं ही चैन होती; प्रत्येकाला आपापली काच बदलायची होती. गावोगावी ‘दे दान सुटे गिराण’ची आरोळी उठली असेल, आणि तंबूत माणसं मोठ्याने सेकंद मोजत असतील. आकाश निरभ्र होतं, काचा साधल्या. नायगमवालांचा जेऊरचा अहवाल १९०२ मध्ये पुण्याच्या वेधशाळेचा पहिला खंड म्हणून निघाला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले तशी वेधशाळाच बंद झाली, आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. खंड दुसरा निघायला माणूसच उरला नव्हता.

याच ग्रहणाला कोकणात विजयदुर्गावर लॉकियर उतरले होते. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेच्या खलाशांना त्यांनी कामाला लावलं होतं. किल्ल्यावर आजही ‘साहेबाचा कट्टा’ दाखवतात आणि हेलियमचा शोध इथे लागला असं अभिमानाने सांगतात. अभिमानाला माझी हरकत नाही, तारखेला आहे. हेलियमची पिवळी रेषा १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात दिसली. तेव्हा जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. त्यांनी ती रेषा ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवायच, तिकडून पाहिली. विजयदुर्गाला ते आले ३० वर्षांनी, आणि तोपर्यंत हेलियम पृथ्वीवर प्रयोगशाळेतही सापडून गेला होता. विजयदुर्गाची खरी गोष्ट, म्हणजे आरमारी किल्ल्यावर युद्धनौकेच्या खलाशांनी सूर्याच्या काचा बदलल्याची गोष्ट, काही कमी रंगतदार नाही. जेऊरची तर त्याहून मोठी. पण गोष्टीला ‘शोध’ हा शब्द चिकटल्याशिवाय आपल्याला ती सांगावीशी वाटत नाही.

काचेचं सर्वांत मोठं वेड मात्र पॅरिसमध्ये जन्माला आलं. १८८२ च्या मोठ्या धूमकेतूचे फोटो घेताना दक्षिण आफ्रिकेत केपच्या डेव्हिड गिलने गावातल्या एका फोटोग्राफरचा कॅमेरा दुर्बिणीला बांधला. धूमकेतू आलाच, पण मागे इतके तारे उमटले की गिलच्या डोक्यात प्रकाश पडला : ताऱ्यांची शिरगणती काचेवरूनच करावी. त्याच्या काचा नेदरलँड्समध्ये काप्टेनने वर्षानुवर्षं मोजल्या आणि ४,५४,८७५ ताऱ्यांची यादी झाली. दरम्यान १८८७ मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि ठरलं की जगातल्या १८ वेधशाळांनी आकाश वाटून घ्यायचं, सारख्या मापाच्या काचांवर ते उतरवायचं आणि त्याचा नकाशा करायचा. प्रकल्पाचं नाव ‘कार्त द्यू सिएल’, म्हणजे आकाशाचा नकाशा.

त्यातली एक युक्ती मला फार आवडते. काचेवर धुळीचा कण पडला, रसायनाचा बुडबुडा राहिला, तर तोही ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो. खरा तारा कोणता? मग नकाशाची प्रत्येक काच तीनदा उघडायची, दर वेळी अर्धा तास, आणि दर वेळी दुर्बीण तसूभर सरकवायची. त्यामुळे प्रत्येक तारा तीन ठिपक्यांचा चिमुकला त्रिकोण म्हणून उमटे. त्रिकोण म्हणजे तारा, एकटा ठिपका म्हणजे कचरा. भिंगातून पाहिलं तर अशा काचेवर आकाशभर चिमुकल्या त्रिकोणांची रांगोळी दिसते.

काही वेधशाळांनी वाटा उचलला आणि नंतर हात वर केले. चिलीच्या सांतियागोने सोडलेला −१७ ते −२३ अंशांचा पट्टा उचलला हैदराबादने. तिथे नवाब जफर जंग या हौशी सरदाराने १९०१ मध्ये निजामिया वेधशाळा काढली होती. त्याच्यामागे १९०८ मध्ये ती निजाम सरकारने घेतली. बाकीच्या वेधशाळांकडे १३ इंची दुर्बिणी, हैदराबादकडे ८ इंची. तिच्यावर आधी पोकॉक या इंग्रज संचालकाने आणि १९१८ पासून टी. पी. भास्करन यांनी काम रेटलं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे औरंगाबाद-परभणीचा सारा ज्या तिजोरीत पडत होता, तिच्यातूनच या काचांचा खर्च निघत होता. अनुराधा नक्षत्राचा मुख्य तारा आणि मृगाच्या पायाखालचा ससा या पट्ट्यात येतात. हैदराबादने तिथले तारे एकेक करून मोजले, १२ खंड छापले. मोजलेल्या ताऱ्यांची संख्या चार लाखांच्या वर जाते.

मोजले म्हणजे काय? काचेवर पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटींची जाळी छापलेली असे. सूक्ष्मदर्शकाखाली एकाने ठिपक्याचं जाळीपासूनचं अंतर वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. पुढचा ठिपका. पुढचा ठिपका. वर्षानुवर्षं. व्हॅटिकनच्या वेधशाळेत हे काम चार नन्सनी केलं. हैदराबादेत ते कचेरीतल्या मोजणीदारांनी केलं. त्यांची नावं खंडांच्या मुखपृष्ठावर यायची पद्धत नव्हती. तलाठ्याच्या सात-बाऱ्यावर साखळी ओढणाऱ्या गड्याचं नाव कुठे असतं?

हार्वर्डमध्ये हे काम बायकांकडे होतं, ताशी २५ सेंट मजुरीवर. संचालक पिकरिंग यांनी काचांचा सपाटा लावला होता. रोज रात्री इकडे हार्वर्डला आणि तिकडे पेरूतल्या आरेकिपाला, सगळं आकाश पुन्हा पुन्हा. काचा लाखांच्या घरात गेल्या. त्यांच्याकडे घरकामाला असलेल्या विल्यमिना फ्लेमिंग मोजणीला आल्या आणि मग त्या खात्याच्या प्रमुखच झाल्या. मृगाच्या पोटातल्या तीन कांडाच्या बाणापैकी एका ताऱ्याच्या खाली, १८८८ च्या काचेवर, घोड्याच्या डोक्यासारखा काळा डाग त्यांनी टिपला. आज पोस्टरांवर आणि मोबाइलच्या पडद्यांवर असतो तो अश्वशीर्ष तेजोमेघ हाच. यादीत तो चढला तेव्हा श्रेय पिकरिंगच्या नावावर पडलं. आपल्या अरुंधतीच्या शेजारी वसिष्ठाचंही गुपित याच काचांनी फोडलं. १८८९ मध्ये त्याच्या वर्णपटातल्या रेषा कधी एक, कधी दोन दिसतात असं लक्षात आलं. म्हणजे जोडीतला एकच वाटणारा मुख्य ताराही स्वतः एक जोडी निघाला.

हेन्रिएटा लेविट यांना ऐकू कमी येत असे. त्यांचं काम रूपविकारी तारे शोधण्याचं, म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होतं ते. एका रात्रीची काच आणि दुसऱ्या रात्रीच्या काचेची उलटी प्रत एकमेकींवर ठेवायची. ज्या ताऱ्याचा हिशेब जुळत नाही तो बदलला. अशा १,७७७ ताऱ्यांची यादी त्यांनी १९०८ मध्ये दिली, आणि १९१२ मध्ये लहान मॅगेलन मेघातल्या २५ ताऱ्यांवरून दाखवलं, की ताऱ्याचा तेज बदलण्याचा काळ जितका मोठा तितकं त्याचं खरं तेज जास्त. खरं तेज कळलं की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येतं. लेविट यांनी दुर्बिणीला डोळा न लावता, टेबलावर बसून विश्वाला फूटपट्टी दिली.

ती फूटपट्टी कामाला आली ऑक्टोबर १९२३ मध्ये. माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर एडविन हबलने देवयानीतल्या त्याच तेजोमेघाचा फोटो घेतला. काचेवर तीन ठिपक्यांपाशी त्याने नव्या ताऱ्याची खूण म्हणून ‘एन’ लिहिलं. मग जुन्या काचा काढून ताडून पाहिल्यावर एक ‘एन’ खोडला आणि शेजारी शाईने लिहिलं ‘व्हीएआर’, पुढे उद्गारचिन्ह. रूपविकारी! लेविटच्या नियमाने अंतर काढलं तर तारा आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर. तेजोमेघ नव्हेच ती, दुसरी दीर्घिका. रॉबर्ट्सला १८८८ मध्ये त्याच फाट्यांमध्ये जन्माला येणारी सूर्यमाला दिसली होती. एकच चित्र, दोन काचा, मध्ये ३५ वर्षं आणि एका बाईची यादी.

प्लूटोही काचेवरच सापडला. जानेवारी १९३० मध्ये सहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन काचा क्लाइड टॉम्बॉ याने १८ फेब्रुवारीला एका यंत्रात आलटून पालटून पाहिल्या आणि एक ठिपका उडी मारताना दिसला. आपल्याकडे या संदर्भात व्यंकटेश बापूजी केतकरांचं नाव निघतं. त्यांनी १९११ मध्ये फ्रेंच नियतकालिकात नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांचं गणित छापलं होतं, आणि त्यातल्या एकाचं अंतर प्लूटोच्या आश्चर्यकारक जवळ जातं. केतकरांच्या गणिती ताकदीबद्दल शंका नाही. पण प्लूटोचं वस्तुमान इतकं क्षुल्लक निघालं की त्याच्या ओढीवरून कोणी त्याचा पत्ता काढणं शक्यच नव्हतं. असाच अंदाज बांधणाऱ्या अमेरिकेतल्या लॉवेलच्या गणितालाही तोच न्याय लागतो. योगायोग तो योगायोगच.

हैदराबादच्या वेधशाळेत मनाली बाप्पू नावाचे एक साहाय्यक होते. त्यांचा मुलगा वैनू लहानपणापासून तिथल्या दुर्बिणींत वाढला, पुढे शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला, आणि जुलै १९४९ मध्ये नुकत्याच घेतलेल्या काचेवर त्याला धूमकेतू सापडला. आज तो बाप्पू-बॉक-न्यूकर्क या नावाने ओळखला जातो. बाप मोजणीच्या काचांत, पोराचं नाव काचेवर.

काचेचा शेवट लवकर सांगून टाकतो, कारण तो झालाही तसाच. उत्तम प्लेटसुद्धा तिच्यावर पडलेल्या १०० प्रकाशकणांपैकी एक-दोनच टिपत असे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेली सीसीडी ही सिलिकॉनची चकती ८०-९० टिपते. दशकभरात ती दुर्बिणींवर चढली आणि काच गेली. जुन्नरकडे गिरावलीच्या टेकडीवर ‘आयुका’ची २ मीटर दुर्बीण २००६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या इमारतीत अंधाऱ्या खोलीची गरजच उरली नव्हती. अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी मुंबई-पुण्याची पोरं तिवई आणि डीएसएलआर घेऊन घाटात जातात. ५०० ला भिंगाच्या केंद्रांतराने भागायचं, तेवढे सेकंद शटर उघडं ठेवायचं, मग शंभर फोटो संगणकात एकावर एक रचायचे. हेही पिग्मी खातंच, फक्त हप्त्याहप्त्याने. मी स्वतः पहिल्यांदा ध्रुवाभोवतीच्या ताऱ्यांच्या रेघा काढल्या तेव्हा भिंगावर दव धरलं आणि निम्मे फोटो दुधात बुडाले. ड्रेपरला काय वाटलं असेल ते त्या रात्री थोडंसं कळलं.

काच गेली तरी तिच्यावरचं आकाश मात्र जुनं झालं नाही. उलट जुनं आहे म्हणूनच ते मोलाचं ठरलं. तारे अतिशय मंद सरकतात. त्यांची चाल मोजायची तर शंभर वर्षांपूर्वीची जागा माहीत हवी. २००० साली युरोपच्या हिपार्कोस उपग्रहाच्या निरीक्षणांतून २५ लाख ताऱ्यांची टायको-२ ही सूची झाली, तेव्हा ताऱ्यांच्या चाली काढायला ‘कार्त द्यू सिएल’ची मोजणीच कामाला आली. त्यात हैदराबादचे खंडही आहेत. ज्या प्रकल्पाला विसाव्या शतकात अनेकांनी वाया गेलेली मेहनत म्हणून नाक मुरडलं, तो उपग्रहाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

हार्वर्डच्या पाच लाखांवर काचांचं नशीबही असंच. १९५३ मध्ये संचालक डोनाल्ड मेंझेल यांनी पैसे नाहीत म्हणून रोजच्या काचा बंद केल्या, त्या साठचं दशक सरता सरता पुन्हा सुरू झाल्या. मधल्या भगदाडाला खगोलशास्त्रात ‘मेंझेल गॅप’ असंच नाव पडलं आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे जमिनीखालचा नळ फुटून सुमारे ६१,००० काचा पाण्याखाली गेल्या; बुरशी लागू नये म्हणून त्या गोठवून ठेवाव्या लागल्या. चार लाखांहून अधिक काचांची संगणकावर नक्कल करून झाली आहे. ती करण्यासाठी काचेच्या मागच्या बाजूवर फ्लेमिंग, लेविट आणि त्यांच्या सोबतिणींनी शाईने केलेल्या खुणा आधी फोटो घेऊन मग पुसून टाकाव्या लागल्या, कारण त्या शाईखाली तारे होते. या निर्णयाबद्दल तिथेही दुमत होतं. माझं मत विचाराल तर मी पुसू दिली नसती. पण मी खगोलशास्त्रज्ञ नाही.

या नकला आता इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येतात, तारीखवार. तुमच्या आजी-आजोबांच्या जन्माची तारीख घरात कोणाला ठाऊक असेल तर त्या आठवड्याची काच शोधून पाहा, बहुधा सापडेल. १९५३ नंतर आणि साठच्या दशकात जन्मलेल्यांचं आकाश मात्र तिथे फारसं मिळायचं नाही.